घमेल्यातून गेलेला इतिहास

रानात तुम्हाला दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर ते मुकाट्याने खिशात घालता येत नाही. कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कायदा १८७८ चा, इंग्रजांनी केलेला, अजून चालू आहे. दहा रुपयांत आज गडाच्या पायथ्याला कटिंग चहा मिळतो, तोही टपरीवाला ओळखीचा असेल तर. पण या कायद्याची खरी गंमत दहा रुपयांत नाही. कलेक्टरला कळवायचं काय? तर सापडलं ते काय, सापडलं कुठे आणि सापडलं कधी. साहेबाला आपल्या इतिहासाची कळकळ होती असं कुणी समजू नये, त्याचा डोळा मालावर होता. पण पुरातत्त्वाचा अभ्यासक आयुष्यभर जे तीन प्रश्न विचारत बसतो, ते त्याने हावेपोटी का होईना, बरोबर विचारले. आपल्याकडे दर रविवारी गडागडांवर प्रेमाने राबणारे इतके हात आहेत, आणि या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेणारा हात शोधावा लागतो.

हे हात कुणाचे, तेही सांगायला हवं. आठवडाभर चाकणला किंवा अंबरनाथला शिफ्ट करायची, शनिवारी रात्री वर्गणी काढून ठरवलेल्या टेम्पोत पहारी, फावडी, घमेली, दोर टाकायचे, पहाटे पायथ्याच्या शाळेच्या ओट्यावर दोन तास पाठ टेकायची आणि उजाडायला गड चढायचा. रविवारी रात्री घरी, सोमवारी सकाळी पुन्हा पंचिंग. पगार नाही, भत्ता नाही. ढासळलेल्या पायऱ्या याच मंडळींनी मोकळ्या केल्या, बुजलेल्या टाक्यांना पाणी यांनीच आणलं. मे महिन्यात गडावरच्या एखाद्या धनगरवाड्यात हंडा भरतो तो यांच्या घामामुळे. तेव्हा यांची टिंगल करायची असेल तर आधी वर चढून यावं.

चढून आलोच आहोत, तर टाक्यापाशी जरा थांबू.

टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. त्यात शेकडो पावसाळ्यांचा गाळ साचलेला. चौघे आत उतरतात, चौघे काठावर, तिथून कड्यापर्यंत माणसांची साखळी, आणि घमेली हातोहात निघतात. वरच्या थरात गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, एका पायाची चप्पल. त्याखाली कुजून काळा झालेला पालापाचोळा. त्याखाली चिकट, वास मारणारा चिखल, आणि त्यात काय काय: खापरं, काचेच्या बांगडीचा तुकडा, गंजून फुगलेला लोखंडी गोळा. गोळा दिसला की काम थांबतं. घोषणा होते, गोळ्याला पाण्याने न्हाऊ घालतात, हळदकुंकू वाहतात, गोळ्यासकट सगळ्यांचा फोटो निघतो आणि दुपारच्या आत तो अर्ध्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर पोचतो. खापराचं नशीब एवढं थोर नाही. ते घमेल्यातून सरळ कड्याखाली.

आता गोळा काय सांगतो? इथे तोफ होती. ते बुरुजाकडे बघूनही कळत होतं. खापर मात्र बोलकं असतं. माती कुठली, भट्टी कुठली, भांडं गावच्या कुंभाराचं की बंदरातून आलेलं चिनी मातीचं, शिबंदी खात कशात होती आणि किल्लेदार कशात, हे सगळं त्या तुकड्यात असतं. अट एकच, तो कितव्या थरात होता हे ठाऊक पाहिजे. न हललेल्या गाळात सगळ्यात खालचं ते सगळ्यात जुनं. एकदा गाळ कड्यावरून लोटला की शिवकाळ, पेशवाई आणि गेल्या वर्षीची चप्पल एकाच ढिगात नांदायला लागतात. पण खापर पडलं दहा रुपयांच्या आतलं, त्यामुळे कलेक्टरही विचारणार नाही.

वीरगळांची गत याहून न्यारी. रानात, जुन्या गावठाणात, वाटेच्या कडेला हे दगड पडलेले असतात. कुणीतरी गाईंसाठी किंवा वेशीसाठी लढून मेला, त्याची ती आठवण. मंडळींना तो दगड आडवा पडलेला बघवत नाही, हे अगदी समजण्यासारखं आहे. मग चार जण तो उचलून देवळापुढे आणतात, सिमेंटचा चौथरा करतात, त्यात रोवतात, आणि उत्साह उरला असेल तर ऑइलपेंट मारतात. दगड कुठल्या वाटेवर होता, तोंड कुणीकडे होतं, शेजारी दुसरा कुणाचा होता, हे विचारायचं राहूनच जातं. मरून सातशे वर्षं झाल्यावर वीराची बदली झाली, आणि बदलीच्या आदेशाची प्रत कुठल्याच फाइलीत नाही.

झाडांची कथा आणखी गुंतागुंतीची. तटातल्या फटीत पिंपळ रुजतो, त्याला कुणाचं नाहरकत प्रमाणपत्र लागत नाही. तो काढायचा तर मात्र लागतं, आणि गड अभयारण्यात असेल तर फांदीला हात लावण्यापूर्वी दहा ठिकाणी विचारावं लागतं. यात वनखात्याचं चुकतं असं मला वाटत नाही. रविवारी कुऱ्हाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अभयारण्यात सोडलं तर सोमवारी अभयारण्य उरायचं नाही. पण परवानगी न घेता वरवर छाटलेला पिंपळ दुसऱ्या पावसाळ्यात दुप्पट फुटवे घेऊन येतो, कारण मुळं तटाच्या पोटात तशीच असतात. आणि ‘झुडपं साफ केली’ या मथळ्याखाली जी कारवी जाते तिचं दुःख वेगळंच. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सहाव्या वर्षी श्रमदान झालं की बिचारीचा जन्म फुकट.

हे सगळं बघायला खातं नाही का? खाती आहेत की. हाच घोळ आहे. केंद्र सरकारच्या म्हणण्याप्रमाणे महाराष्ट्रात ३९० हून जास्त किल्ले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा गेले, त्यातले अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले, बरं झालं. पण बाकीच्यांतले कितीतरी ना केंद्राच्या संरक्षित यादीत, ना राज्याच्या. यादीत नाहीत म्हणून ते मोकाट आहेत असंही नाही, कारण त्यांतले बरेच उभे आहेत राखीव वनात. म्हणजे जमीन वनखात्याची, तट इतिहासाचा आणि अर्ज कुणाकडे करायचा हे अर्जदाराने ओळखायचं. वनखात्यात गेलं तर ‘पुरातत्त्वचं पत्र आणा’. पुरातत्त्वकडे गेलं तर ‘हा आमच्या यादीत नाही, शिवाय जमीन वनाची आहे’. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं मुंबईतलं कार्यालय खुद्द एका किल्ल्यात आहे, सेंट जॉर्जमध्ये. त्यामुळे किल्ल्याच्या आत शिरणं किती अवघड असतं, हे अर्जदाराला तिथेच समजतं.

परवानगीची वाट बघून कंटाळलेला पोरगा शेवटी बिनकागदाचा वर चढतो. डागडुजीला आलेल्या ठेकेदाराकडे मात्र कागद असतो. गडावर चुन्याचा घाणा असतो, दगडात कोरलेला गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. बैल किंवा रेडा जुंपून त्यात चुना मळत. चुन्यात गूळ, हिरडा घालण्याची रीत होती. हा चुना सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ओल कोंडून धरतं, मग पाणी दगडालाच फोडून वाट काढतं. हे शिल्पशास्त्रातलं गुपित नाही, कुठलाही जुना गवंडी सांगेल. तरीही घाण्याला टेकून सिमेंटच्या गोण्या रचलेल्या दिसतात, आणि त्या रचणाऱ्याकडे सही-शिक्क्याची वर्कऑर्डर असते. माझं विचाराल तर बिनकागदाच्या घमेल्याने जेवढं नुकसान केलं, त्याहून कागदवाल्या थापीने जास्त केलं आहे. फक्त तिचा फोटो कुणी टाकत नाही.

हौशी हात आहेत पण नोंद नाही, याच दुखण्यावर अमेरिकेच्या वनखात्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक इलाज काढला. नाव ‘पासपोर्ट इन टाइम’. सरकारी जंगलातल्या जुन्या जागांवर काम करायला कुणीही अर्ज करावा, फी नाही. निवड झाली की पासपोर्टसारखी पुस्तिका मिळते, तिच्यात कामाची नोंद आणि शिक्का. काम काय? मीटरभराचा चौकोन आखायचा, करणीने माती खरवडायची, चाळणीतून गाळायची, निघालेल्या प्रत्येक तुकड्याला पिशवी आणि पिशवीला चिठ्ठी. नाहीतर वणव्यावर नजर ठेवायच्या जुन्या मनोऱ्याच्या खिडक्या दुरुस्त करायच्या, लाकडी खोपटं सावरायची. आपल्या मंडळींना तिथे नेलं तर पहिल्या तासात विचारतील, ‘दादा, यात श्रमदान कुठंय?’

खरा फरक पुस्तिकेत नाहीच. त्या स्वयंसेवकाच्या शेजारी वनखात्याच्या पगारावरचा पुरातत्त्वज्ञ गुडघे टेकून बसलेला असतो. १९६६ च्या तिथल्या कायद्याने सरकारी खात्यांवर बंधन घातलं: कुठलंही काम हाती घेण्यापूर्वी त्याने ऐतिहासिक जागेचं काय होईल ते बघा. मग रस्ता करायचा, झाडं तोडायची, तरी आधी जमीन पाहणारा माणूस हवा. तो नेमावाच लागला. आपल्या वनखात्याच्या उतरंडीत वनरक्षक आहे, वनपाल आहे, वनक्षेत्रपाल आहे, वर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आहेत. साग मोजणारे आहेत, वाघ मोजणारे आहेत. खापर ओळखणारा कुणी नाही.

अमेरिकेची आरती ओवाळायची नाही, हेही इथेच सांगतो. ज्या मूळ रहिवाशांना त्या रानांतून हुसकावलं, त्यांच्याच चुलींची राख आता बारीक चाळणीने चाळतात आणि पिशवीत जपून ठेवतात. माणसांपेक्षा खापरांना बरी वागणूक मिळाली. आपण तरी वेगळं काय करतो? गडाखालच्या कातकऱ्याला, महादेव कोळ्याला, मेळघाटातल्या कोरकूला कुठली वाट कुठे बुजली ते पाठ असतं. त्याच्याकडे आपलं काम काय, तर वाट दाखवणं आणि दुपारी पिठलं-भाकरी.

मेळघाट म्हटलं म्हणून आठवलं. व्याघ्रप्रकल्पाच्या रानात गाविलगड आणि नरनाळा हे दोन बलदंड किल्ले उभे आहेत. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरचा शिलालेख १४८७ चा; कोरीवकाम बघत बसलं तर दुपार सरते. गाविलगडावर डिसेंबर १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग वेलस्लीच्या फौजेशी लढता लढता पडला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा वेलस्ली. एवढा मसाला असून अमरावती-अकोल्याची मोजकी मंडळी सोडली, तर टेम्पो तिकडे वळत नाही. एक तर लांब, दुसरं म्हणजे वाघ, आणि तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही: बांधणारे बहमनी आणि इमादशाही. प्रेम इतिहासावर आहे की फक्त त्यातल्या आपल्या प्रकरणांवर, हे गाविलगडाच्या तटावर माजलेलं रान सांगतं.

आधी नोंद ठेवणाऱ्यांचं उलट उदाहरणही घरचंच आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ही हौशी मंडळी कोकणच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, वर्षानुवर्षं हिंडली. गुराख्यांना विचारलं, शेतकऱ्यांना विचारलं, कातळावरची माती अलगद बाजूला केली, मापं घेतली, कातळात कोरलेली चित्रं कागदावर उतरवली, जागा नकाशावर टिपल्या. हत्ती, मासे, माणसं, काय काय निघालं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली, सोबत गोव्यातलं उसगाळीमळही. कुशावती नदीकाठची तिथली चित्रंसुद्धा १९९३ मध्ये सरकारदरबारी कळली ती गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून. सडा म्हणजे जंगल नव्हे, मान्य. पण नोंदवही दोन्हीकडे सारखीच उघडते.

आणि वनखात्याला नोंद ठेवता येत नाही, असंही कुणी म्हणू नये. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांना माहीत आहे. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, पलीकडे उतरलं की चौकी. तिथे सॅका उघडून प्लॅस्टिक मोजतात: बाटल्या किती, पिशव्या किती, बिस्किटाचे पुडे किती. अनामत ठेवायची आणि उतरताना तेवढंच प्लॅस्टिक परत दाखवायचं, तरच पैसे परत. पद्धत झकास आहे, रानाचं तिने भलंच केलं. सह्याद्री व्याघ्रप्रकल्पातल्या वनरक्षकाला बिस्किटाचा पुडा हिशेबात धरता येतो, तर त्याच रजिस्टरात ‘गडावर काय हलवलं, कुठून, कुठे’ एवढा एक रकाना आखता येणार नाही? खर्च म्हणाल तर एका फूटपट्टीचा. तिच्यासाठी निविदा मात्र काढावी लागेल, आणि पहिल्या फेरीत तीन बोली आल्या नाहीत तर मुदतवाढही.