माननीय वेळापत्रक साहेबांस अनावृत अर्ज

प्रति,
माननीय वेळापत्रक साहेब,
नोटीस बोर्ड, जिन्याखाली.

विषय : चौथ्या सत्राचा विषय निवडू देण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवते की, मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि येत्या सत्रासाठी मला एक ओपन इलेक्टिव्ह निवडायचा आहे. हा अर्ज प्राचार्यांकडे का दिला नाही, असं आपल्याला वाटेल. प्राचार्य भाषणात सांगतात, की आता विद्यार्थ्याला हवं ते शिकता येतं. कुलगुरू सांगतात, मंत्री सांगतात. सोमवार ते शनिवार कुणाला कुठल्या खोलीत बसवायचं हे मात्र आपण एकटे ठरवता. म्हणून थेट मालकांनाच लिहिते आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आलं. आपल्या राज्यात 2023-24 मध्ये ते स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षी आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत पोचलं. तेव्हापासून मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी विषयगटांची मंडळी आमच्यात राहायला आली आहेत. माझी गुणपत्रिका वाचून बाबांनी विचारलं, "यात अकाउंट्स कुठंय?" या गर्दीत मला आवडला तो ओपन इलेक्टिव्ह. हा आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. ताळेबंदवाल्यांनी थोडं नाटक बघावं, साहित्यवाल्यांनी थोडं आकाश बघावं. कल्पना खरोखरच उत्तम आहे. अर्जातलं एवढं एकच वाक्य उपरोधाशिवाय लिहिलंय, नोंद घ्यावी.

यादी लागली तेव्हा हुरूप आला. खगोलशास्त्राची ओळख, नाट्यास्वाद, फोटोग्राफी, पर्यटन, आहारशास्त्र! मी खगोलशास्त्रावर बोट ठेवलं आणि आपण त्याच तासाला कॉस्ट अकाउंटिंग ठेवलंत. ते मेजर, म्हणजे हलणार नाही. खगोलशास्त्र हलवा म्हणावं, तर ते शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर. जितके तास, तितके पैसे. दुपारी त्या दुसऱ्या कॉलेजात असतात आणि तिथल्या वेळापत्रकाशी आपलं बोलणं नसावं.

नाट्यास्वाद पुरेशी मुलं नाहीत म्हणून बंद. पुरेशी म्हणजे किती, हे बंद झाल्यावर कळलं. फोटोग्राफीचा गूगल फॉर्म ग्रुपवर रात्री पावणेअकराला आला. पुढचं दृश्य एसटी स्टँडवरचं. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल पडले, मी दारातून चढेपर्यंत गाडी फुल्ल. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे ते सगळे झोपले होते.

उरलं पर्यटन. ते कधीच संपत नाही. त्याला रुमाल लागत नाही, त्याचा तास कशावर आदळत नाही आणि मुलं कमी पडली तर इतर विषयांतली रिकामी झालेली मुलं त्यात ओतली जातात. असं का, ते एका सीनियरनं सांगितलं. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला सोळा तास शिकवावं असा यूजीसीचा दंडक आहे. एखाद्या विषयाला प्रवेश घटले की तो शिकवणाऱ्यांचे तास घटतात आणि मग त्यांच्या जागेकडेच बोट दाखवलं जातं. ते भरून काढायला ओपन इलेक्टिव्ह बरा पडतो. धोरणात लिहिलंय, विद्यार्थी विषय निवडेल. इथे वर्कलोड विद्यार्थी निवडतो. पर्यटनाच्या सरांबद्दल माझी तक्रार नाही. उलट ते सज्जन आहेत, वेरूळच्या कैलास लेण्याची चित्रं पडद्यावर दाखवतात. हॉल मोठा असल्यानं मागच्यांना ते लेणं डोंगरात कोरलंय की धुक्यात, हे कळत नाही, इतकंच.

हा विषय दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तास. त्यातून गॅदरिंग, अंतर्गत परीक्षा आणि एखादी निवडणूक वजा करावी. उरलेल्यात काय शिकावं, यावर सीनियर मंडळींचं एकमत आहे : "विषय काय बघतेस? हजेरी कोण घेतं ते बघ. पेपर एमसीक्यू आहे का विचार." हा सल्ला इतका व्यवहार्य आहे, की त्याचाच एखादा व्हॅल्यू अॅडेड कोर्स काढायला हरकत नाही.

तरी विनंती, की ओपन इलेक्टिव्हचा तास सर्व शाखांना एकाच वेळी ठेवावा. त्या वेळी कुठल्याही शाखेचं कॉस्ट अकाउंटिंग होऊ नये. यादीत विषयापुढे शिकवणाऱ्यांचं नाव, वार, खोली आणि किमान किती मुलं लागतील तो आकडा, हे फॉर्म येण्याआधी लिहावं. फॉर्म दिवसाउजेडी उघडावा. मॅडमांचे तास एका सकाळी सलग लावले, तर त्यांची दुपारची धावपळ वाचेल आणि आम्हाला शनीची कडी निदान फळ्यावर तरी दिसतील. यासाठी कुठलाही शासन निर्णय बदलावा लागत नाही. खोडरबर पुरेल.

कळावे,
आपली आज्ञाधारक,
एस.वाय.बी.कॉम., ब तुकडी

सोबत : कॉस्ट अकाउंटिंग आणि खगोलशास्त्र एकाच चौकटीत असल्याचा फोटो (मोबाइलवर काढलेला, फोटोग्राफीत प्रवेश मिळाला नसल्यानं जरा हललाय).

ता. क. : आत्ताच ग्रुपवर निरोप आलाय, खगोलशास्त्राच्या मॅडम शनिवारी सकाळी सात-दहाला यायला तयार आहेत, जागा मोजक्याच. पर्यटनाच्या सरांना सांगू नये. मी रुमाल टाकून येते.