सोपं हाये, फक्त…

भाऊजींनी "सोपं हाये बाप्पा!" म्हटलं की आमची ताई आधी पदर खोचते आणि मग विचारते, "काय सोपं हाये?" असे एक भाऊजी तुमच्याकडेही असतीलच. भाऊजी नसले तर मामा असतील, नाहीतर शेजारचे निवृत्त गुरुजी. या मंडळींना जगात अवघड असं काही दिसतच नाही. विहीर खोदणं सोपं, पोरीचं लग्न सोपं, गुडघ्याचं ऑपरेशन तर फारच सोपं. फक्त या सोपेपणाला शेवटी एक 'फक्त' लागलेलं असतं. 'सोपं' त्यांच्या वाट्याचं, 'फक्त' आपल्या.

1982 साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गडचिरोली वेगळा निघाला, तेव्हा भाऊजी ऐन तरुण होते. चौकात सगळे काळजीत बसलेले असताना ते म्हणाले होते म्हणे, "यात काय हाये? सोपं हाये. फक्त वैनगंगा मधात धरायची." त्यांची निम्मी सोयरीक नदीपलीकडे आहे. पण रेघ ओढून दिली की भाऊजींचं काम संपतं.

वाघाचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या झाडीपट्टीतल्या बाया पहाटेच मोहफुलं वेचायला रानात जातात. त्यांना एकदा भाऊजींनी रस्त्यात थांबवून सांगितलं, "वाघ समोर आला तरी भ्यायचं नाही. सोपं हाये. फक्त पळायचं नाही." एका म्हातारीने टोपली खाली ठेवून विचारलं, "तुमी कोन्त्या वाघासमोर उभे राह्यले होते, भाऊ?"

"उभं राहाची काय गरज? मी तत्त्व सांगून राहिलो."

नाटकाचा किस्सा तर नागभीडपासून ब्रह्मपुरीपर्यंत माहीत आहे. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि रात्री नाटक असतं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपलं नाही तर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं. बरीच गावं वडशाची कंपनी बोलावतात. पण त्या वर्षी गावच्याच हौशी मंडळींनी नाटक बसवलं होतं आणि ऐन दिवशी हवालदार तापाने फणफणला. भाऊजी पुढे सरसावले. "हवालदाराचा पार्ट सोपा हाये. फक्त दोन वाक्यं." त्यांनी पहिल्याच अंकात प्रवेश केला, दोन्ही वाक्यं विसरले आणि समोर खलनायक दिसला म्हणून त्याला पकडून घेऊन गेले. पडद्यामागे हाहाकार उडाला. नाटक मध्यरात्रीच्या आत निकालात निघण्याची वेळ आली. शेवटी दुसऱ्या अंकात नायिकेच्या बापाच्या तोंडी 'त्याला जामीन मिळाला' हे वाक्य घुसवलं, तेव्हा कुठे कथानक पहाटेपर्यंत पोचलं. भाऊजींचं आजही म्हणणं असं की कायद्याने पाहिलं तर ते बरोबरच होते.

पण या सगळ्यावर कडी केली ती टर्कीने.

भाऊजींचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, म्हणजे आमच्या मंडईच्याच मोसमात. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉलवर एक पदार्थ दाखवला. कालची उरलेली टर्की हाताने तोडायची. वाळलेल्या ब्रेडचे तुकडे, लोण्यावर परतलेला कांदा आणि सेलेरी, वरून टर्कीचं पाणी आणि डब्यातलं दाट सूप. सगळं एका भांड्यात थापून 180 अंशांवर अर्धा-पाऊण तास ओव्हनमध्ये. कॅसरोल म्हणतात त्याला. बोलता बोलता पोरगा म्हणाला, "एकदम सोपं आहे, काका."

हा शब्द त्याने उच्चारायला नको होता.

"टर्की कुठून आणसान?" ताईने विचारलं.

"सोपं हाये. फक्त शोधाची." भाऊजींनी कुठेसं वाचलं होतं की 1612 साली जहांगीर बादशहासाठी गोव्याहून टर्की आली होती आणि बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं होतं. "चारशे वर्षांपूर्वी त्याला भेटली, मंग मला काहून नाही भेटणार?" चार ठिकाणी फोन झाले. बादशहाकडे मन्सूर होता, भाऊजींकडे मी. साळा म्हणून माझी रवानगी आठवडी बाजारात झाली आणि टर्कीच्या जागी दोन गावरानी कोंबडे आले.

पुढची अडचण तात्त्विक होती. पदार्थाला *उरलेलं* मांस लागतं. मंडईला भरलेल्या घरात कोंबडा उरल्याचं झाडीपट्टीच्या इतिहासात कोणी ऐकलेलं नाही. भाऊजी डगमगले नाहीत. "सोपं हाये. फक्त आधी उरवाचा." कोंबडे आदल्या संध्याकाळी शिजले. मसाल्याचा वास ओसरीपर्यंत गेला, पाहुणे ताटं घेऊन बसले आणि भाऊजी गंजाजवळ पाट टाकून पहाऱ्याला बसले. "कोणी हात लावू नका. हे उद्या उरणार हाये!" पाहुण्यांना त्या रात्री वांग्याची भाजी मिळाली. एका जावयाने ते अजून मनात धरून ठेवलं आहे.

ब्रेड वाळवायला कवेलूंवर टाकला, तो माकडांनी नेला. दुसऱ्या ब्रेडशेजारी काठी घेऊन मला बसवलं. "तू काही करू नको. फक्त बस." सेलेरीऐवजी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या आल्या, सूपऐवजी कोंबड्याची तर्री. ओव्हनचं काम गोवऱ्यांकडे होतं. रोडगे भाजायला करतात तसा विस्तव करून जर्मनचा गंज त्यात ठेवला आणि झाकणावर निखारे रचले. 180 अंश कसे ओळखायचे, असं भाच्याने विचारलं. भाऊजी म्हणाले, "सोपं हाये. फक्त हात धरून पाहाचा." भाच्याने हात खिशात घातले.

झाकण काढलं तेव्हा तर्री पिऊन ब्रेड विरघळला होता. आत नाटकाची पोस्टरं चिकटवावीत अशी खळ तयार झाली होती आणि तीत गावरानी कोंबडा कुठेतरी गुदमरला होता. कोणी काही बोललं नाही. ताईने कोंबड्याचे तुकडे वेचून काढले. दुसऱ्या गंजात सकाळच्या एचएमटी भाताचा थर दिला, त्यावर परतलेला कांदा आणि कोंबडा, पुन्हा भात, वरून उरलीसुरली तर्री. निखाऱ्यांवर ठेवलं आणि वरचा भात खरपूस होताच उतरवलं. गंज पुसून निघाला.

तांदळाचं कौतुक सुरू झालं. तो आमच्याच मातीतला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या, त्या वर्षानुवर्षं पेरल्या, पारखल्या आणि त्यातून हे वाण काढलं. नाव पडलं ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. भाऊजी ढेकर देत म्हणाले, "दादाजींनी तरी काय केलं? सोपं हाये. फक्त लोंब्या निवडल्या."

ताईने उलथणं खाली ठेवलं. "असं एक 'फक्त' तुमी सोता करून दाखवा."

इथे भाऊजींवर थोडा अन्याय होतो, हे नाइलाजाने लिहावं लागतं. गावातल्या एका एकट्या मावशीची गाय रानाच्या कडेला वाघाने मारली. भरपाई मिळते, पण त्याला रीत आहे. कार्यालयातला बाबू म्हणाला, "सोपं आहे मावशी. फक्त पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, बँकेचं पासबुक, अर्ज आणि झेरॉक्स." म्हणजे भाऊजींचे भाऊबंद खुर्चीवरही बसलेले असतात. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवता येत नाही, आणि वाघ आपल्या शिकारीवर परत येतो हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. तरी भाऊजी तिथे दुपारभर राखणीला होते. ते मोहाच्या झाडावर बसलेले सापडले, असं वनरक्षकाने नंतर गावभर केलं. भाऊजींचं म्हणणं, "उंचावरून नीट दिसते." पळायचं नाही हे तत्त्व मात्र त्यांनी पाळलं होतं.

मग मावशीला मोटारसायकलवर मागे बसवून त्यांच्या खेपा सुरू झाल्या. साहेब दौऱ्यावर, सही चुकली, पासबुकावरचं नाव जुळत नाही. अर्ज त्यांनी लिहिला, रांगेत ते उभे राहिले, झेरॉक्सचे पैसेही त्यांचेच. रक्कम जमा झाली तेव्हा मावशी एक कोंबडी काखेत घेऊन दारात आली. भाऊजी ओशाळले. "ने वो मावशी परत. मी काय केलं? फक्त गाडी चालवली."

गावात अशा मावश्या बऱ्याच आहेत. ताई म्हणते, "घरचं 'फक्त' आमचं, गावचं 'फक्त' यांचं. अदलाबदल झाली असती तर माही कंबर वाचली असती." म्हणते, पण तहसिलीला जायच्या दिवशी त्यांच्या पिशवीत ज्यादा भाकर तीच टाकते.

आता मंडईला तो गंज दरवर्षी चढतो. ताईने सोयीचा दिवस शोधून ठेवला आहे: भाऊजी कोणाचं तरी काम घेऊन तालुक्याला गेलेले असतात तो. कोंबडा शिजलेला असला की भात, कांदा, तर्री, निखारे आणि पाऊण तास. ना पहारा, ना माकडं, ना बादशहा. संध्याकाळी भाऊजी धुळीने माखून परततात, हातपाय धुतात, पहिला घास घेतात आणि विचारतात, "किती वेळ लागला?"

"पाऊण तास," ताई सांगते.

भाऊजी संशयाने गंजात डोकावतात. "एवढ्यात झालं? मंग काहीतरी राह्यलं असंल."