जंगलात भयपट काढू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

आधी एक जोडपं शोधा. दोघांपैकी एकाचा राक्षसावर विश्वास हवा, दुसऱ्याचा अजिबात नको. शक्यतो लग्न झालेलं नसावं. लग्न झालेली माणसं सामान कोणी कमी घेतलं यावर भांडतात आणि पहिल्याच वळणावरून परत फिरतात.

नमुना म्हणून बॉबकॅट गोल्डथ्वेट यांचा २०१३ सालचा ‘विलो क्रीक’ समोर ठेवावा. त्यातला जिम बिगफूटला, म्हणजे दंतकथेतल्या केसाळ महाकाय वनमानवाला मानतो; त्याची जोडीदार केली मानत नाही, तरी सोबत जाते. पाठीवर पिशव्या टाकून दोघं उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीककडे निघतात. २० ऑक्टोबर १९६७ रोजी पॅटरसन आणि गिमलिन यांनी दोन पायांवर चालणारं केसाळ असं काहीतरी जेमतेम मिनिटभर कॅमेऱ्यात टिपलं, ती ही जागा.

कॅमेरा पात्राच्याच हातात द्यावा. हलला तर शैली, अंधार झाला तर वास्तव. शिवाय राक्षसाचा खर्च वाचतो.

निम्मा सिनेमा गावातच घालवा. विलो क्रीक गावात त्याची सोय चांगली आहे: बिगफूटचा पुतळा, संग्रहालय, बिगफूटच्या नावाचा बर्गर. गावकऱ्यांच्या मुलाखती घ्या, कुणी गाणं म्हणू लागला तर थांबवू नका. एकाने ‘पुढे जाऊ नका’ असं बजावावं आणि पात्रांनी पुढे जावं. (हे विसरलात तर सिनेमा तिथेच संपेल. माझी हरकत नाही.)

आता तंबू. इथे फार जपा, कारण इथेच हात घसरून सिनेमा चांगला होण्याचा धोका आहे. गोल्डथ्वेट यांचा घसरलाच. जवळजवळ १९ मिनिटं एकच सलग शॉट. कॅमेरा जागेवर, दोघं जागेवर, आणि बाहेर कुठेतरी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज. मग कुणी रडतंय की काय, असं वाटायला लावणारं काहीतरी. दिसत काहीच नाही, नुसते दोन चेहरे कान देऊन बसलेले. मी भर मे महिन्यात पंखा बंद करून हे ऐकलं.

अशी चूक झालीच तर सकाळ उजाडताच निस्तरता येते. दोघांना चकवा लावा, फिरफिरून त्याच झाडापाशी आणा. केसांचा एखादा पुंजका सापडू द्या. शेवटी पुन्हा रात्र, किंकाळ्या, आडवा झालेला कॅमेरा, श्रेयनामावली. काय झालं ते प्रेक्षक घरी जाताना आपापसांत ठरवतील.

एक पथ्य मात्र कडक पाळा: खऱ्या गोष्टीच्या वाटेला जाऊ नका. याच ब्लफ क्रीकला १९५८ साली रस्त्याच्या कामावरच्या माणसांना भलीमोठी पावलं उमटलेली दिसली आणि ‘बिगफूट’ हे नाव वर्तमानपत्रातून सगळीकडे गेलं. त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारला, तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलं लोकांपुढे ठेवली आणि ही सगळी त्याची थट्टा होती असं सांगितलं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं त्या घरात ही गोष्ट होती. पाहुणे येत असतील, टीव्हीवर बिगफूट लागत असेल, आणि घरातलं कुणीतरी हळूच उठून चहा टाकायला जात असेल.

यात पडलात तर माणसं लिहावी लागतील. लाकूडच वापरायचं असेल तर पात्रं ठोकळेबाज ठेवा, तेवढ्यावर भागतं.