हुलसूरहून थेट विमानसेवा

बिदर–बंगळुरू विमानसेवा ७ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. तेव्हापासून ती कधी चालू, कधी बंद. हुलसूरच्या हौशी वैमानिकांनी त्यावर तोड काढली आहे: मायक्रोसॉफ्टचा २००६ सालचा संगणकावरचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर एक्स. तिकीट नको, तपासणी नको, भालकीची बसही नको.

मनासारखं विमान मात्र बाहेरून आणून जोडायचं. फुकटातलं एटीआर-७२ ‘एअरप्लेन्स’ फोल्डरात टाकलं की खरी हवाई वाहतूक सुरू होते. एअरक्राफ्ट.सीएफजी फाइलीत टेक्स्चरचं नाव एका अक्षराने चुकलं, तर विमानाचा रंगच उडतो. गेजची फाइल राहिली, तर उंची दाखवणाऱ्या काट्याच्या जागी काळं भोक. आधीच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ या आवृत्तीसाठी केलेलं विमान घातलं, तर फिरत्या पंख्यामागचे ढग गायब. यंत्रात १६ जीबी रॅम असो, हा ३२-बिटी म्हातारा ४ जीबीच्या पुढे घासच घेत नाही. आणि मेमरी संपते कधी? धावपट्टी समोर दिसत असताना!

कलबुर्गीला उतरायचं म्हणाल, तर तो विमानतळ २०१९ चा. २००६ च्या नकाशात तिथे नुसतं रान. तोही बाहेरून आणून जोडावा लागतो.

तरी लोक रात्र-रात्र उडतात. उशीर झाला तर कारण कळतं, फाइल सापडते, दुरुस्त होते. खऱ्या विमानसेवेत एवढी सोय अजून झालेली नाही. तोवर वाचकहो, नवं विमान टाकण्याआधी जुन्या फोल्डरची प्रत काढून ठेवा.