मूळ धंदा शेती, जोडधंदा स्टेअरिंग

हा माणूस पहिल्यांदा भेटतो तो लग्नाच्या बायोडेटात. 'शेती बागायत, स्वतःची गाडी, ट्रान्सपोर्ट व्यवसाय.' मुलीकडची मंडळी खुश होतात. मग कोणीतरी खवट मामा विचारतो, "गाडी म्हणजे कोणती?" तेव्हा कळतं की गाडी दहाचाकी आहे, हप्ते चालू आहेत आणि ट्रान्सपोर्टचे मालक, मॅनेजर, मुनीम, ड्रायव्हर हे सगळे एकाच पायजम्यात मावतात.

जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या गावात असा एक आप्पा असतोच. नाव काहीही असो, लोक आप्पाच म्हणतात. 'डायवर' म्हटलेलं मात्र त्याला खपत नाही. "मूळ धंदा शेती. गाडी आपली जोडीला," असं तो ठणकावून सांगतो, आणि हे सांगताना तो बहुतेक वेळा शेतापासून पाचशे किलोमीटरवर असतो.

तसा दोष त्याचा नाही, नकाशाचा आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात ते धुळ्यात. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. केळीचा स्वभाव असा की घड कापला की ती कोणाचं ऐकत नाही. हिरवी निघालेली केळी पिवळी व्हायच्या आत दिल्लीच्या आझादपूर मंडीत पोचायला हवी. असा माल पिकवणाऱ्या मुलखात निम्मी पोरं चिखलात आणि निम्मी क्लचवर वाढली, तर नवल नाही. आप्पा दोन्हीकडे वाढला.

गाडी त्यानं घेतली ती शेती वाचवायला. एका वर्षी केळीचे भाव पडले, दुसऱ्या वर्षी वादळानं बाग झोपवली, तेव्हा त्यानं कर्ज काढून ट्रक आणला. ट्रकच्या भाड्यातून ठिबकच्या नळ्या आल्या. पुढे टायर फुटले, तेव्हा कापूस विकून टायर आले. शेती गाडीला पोसते की गाडी शेतीला, हे त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटलाही सांगता येणार नाही. अर्थात चार्टर्ड अकाउंटंट नाहीच. हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला असतो.

आप्पाचा संसार फोनवर चालतो. बायको अहिराणीत विचारते, कुठे आहात, "कथा शेतस?" उत्तर ठरलेलं, "हे काय, शिरपूरले!" म्हणजे आता पोचलोच, भाकरी टाक. पूर्वी हे खपायचं. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि नवऱ्यांच्या एका जुन्या स्वातंत्र्यावर गदा आली. आप्पाच्या फास्टॅगला नंबर जोडलाय थोरल्या पोराचा. आप्पा शिरपूर म्हणत असतो आणि पैसे कापल्याचा मेसेज येतो इंदूरच्या अलीकडच्या टोलचा. मेसेज येईस्तोवर चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा आता घरात नियमच आहे. बिजासनचा घाट उतरून पळासनेर लागलं की मेसेज आणि माणूस एका राज्यात येतात.

फोनचा दुसरा उपयोग मोटरीसाठी. शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला लाईट आली की विहिरीवर जायचं, वाटेत सापविंचू, हे खानदेशात कोणाला नवं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी यावर 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र काढलं. फोन लावला की मोटर सुरू. त्याला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीसही मिळालं. तसले मोबाईल स्टार्टर आता खेडोपाडी आहेत. आप्पासाठी तर ते वरदानच. ढाब्यावर शेवभाजी समोर आली की तो एका हातानं भाकरी मोडतो आणि दुसऱ्या हातानं गावातली मोटर चालू करतो. शेजारच्या टेबलावरच्या सरदारजीला अभिमानानं सांगतो, "खेत को पानी दे रहा हूँ." फक्त यंत्राला एक कळत नाही. नळी कुठे निसटलीय, पाणी आपल्या केळीत चाललंय की भाऊबंदाच्या कपाशीत, हे बघायला बायकोच जाते. रात्री दोनला, बॅटरी घेऊन.

कायद्यानं ड्रायव्हरनं दिवसाला आठ तासच काम करायचं. १९६१ सालचा मोटार परिवहन कामगारांचा कायदा २०२५ पर्यंत तसं सांगत होता. पण पाचांहून कमी कामगार असतील तिथे तो लागू होत नव्हता, आणि आप्पाकडे एकूण मनुष्यबळ दीड: तो स्वतः आणि निम्मा वेळ झोपलेला क्लीनर. ट्रकच्या केबिनला एसी हवा, असाही नियम झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना. आप्पाची गाडी त्याआधीची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीत गेला की त्याचा एसी म्हणजे काचा खाली आणि डोक्यावर ओला रुमाल.

सणांच्या बाबतीत मात्र तो एकदम कडक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी गावात उभी राहणार म्हणजे राहणार. एक तर बहिणी माहेरी येतात; दुसरं म्हणजे सालदाराचं साल आखाजीला ठरतं, आणि तो मिळाला नाही तर वर्षभर सालदारकी कोणी करायची, हे आप्पा जाणून आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. आप्पा त्या वेळी हरयाणात परतीच्या भाड्याची वाट पाहत असला, तरी त्याच्या नावाचे गहू मोजले जातात. घरातली त्याची हजेरी कित्येकदा एवढीच. धाकटी सातवीत गेल्याचं त्याला कळलं ते आठवीच्या वह्या आणताना. पण वह्या आणल्या त्या दोन डझन, थेट दिल्लीहून, घाऊक भावानं. बाप म्हणून तो कमी पडत असेल. मालवाहतूकदार म्हणून पडत नाही.

"बायामाणसांचं काम नाही हे," असं तो स्टेअरिंगबद्दल म्हणतो. त्याला योगिता रघुवंशी माहीत नसाव्यात. त्या वाढल्या नंदुरबारला, म्हणजे १ जुलै १९९८ पर्यंत जो भाग धुळे जिल्ह्यातच होता, तिथे. वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण घेतलेली ही बाई लग्न होऊन भोपाळला गेली. २००३ साली पती अपघातात वारले आणि दोन मुलांना वाढवायला तिनं ट्रक हाती घेतला. आप्पाची बायको ट्रक चालवत नाही. ती निंदणी-खुरपणी, केळीचे घड, डेअरीचं दूध, सोसायटीचा हप्ता, पोरांची शाळा आणि सासूची गोळी एवढंच चालवते. म्हणून तिला कोणी व्यवसाय विचारला तर ती सांगते, "घरीच असते." मला विचाराल तर आप्पाच्या घरात मूळ धंदा शेती असलेलं माणूस ते हेच.

सातबारा मात्र आप्पाच्या नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. पुढे १९९२ साली सरकारनंही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली. अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. आप्पानं तो लिहूनही ठेवलाय, डॅशबोर्डवर, बिल्ट्यांच्या खाली. पुढच्या खेपेला देतो म्हणतो. तुमच्या घरी असा कोणी आप्पा असेल तर त्याला एवढं सांगा की हा अर्ज गावच्या तलाठ्याकडे द्यायचा असतो, आझादपूर मंडीत घेत नाहीत.