गल्लीतला प्रो

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, असं गल्लीतल्या प्रोचं मत आहे: प्रो आणि नूब, म्हणजे नवशिके. पहिल्या जातीत तो एकटा मोडतो. दुसरीत तुम्ही, मी, त्याच्या स्क्वाडमधले उरलेले तिघे, त्याचे वडील आणि, शून्यावर बाद झाला त्या दिवसापुरता, विराट कोहली.

वय साधारण एकोणीस ते सव्वीस. बी.कॉम.चा एक विषय राहिलाय किंवा एमपीएससीची तयारी चालू आहे. कधी कधी दोन्ही. बसण्याची जागा जिन्याचा तिसरा टप्पा, कारण घरातलं वायफाय तिथपर्यंत येतं आणि वडिलांची नजर येत नाही. घामाने अंगठे घसरू नयेत म्हणून त्यांना कापडी टोपडी घातलेली असतात. फोन तो चार बोटांनी खेकड्यासारखा धरतो. त्याच्या घरी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवायचं कधीपासूनचं राहून गेलंय. फोनच्या पाठीला मात्र पंखा आहे, त्यात निळा दिवा आहे. रेशनकार्डावरचं त्याचं नाव साधंसुधं. गेममधलं नाव मात्र कुणालाच वाचता येत नाही. दोन्ही बाजूंना तलवारी, वर मुकुट आणि मधल्या अक्षरांना शिंगं फुटलेली.

ज्यांनी बीजीएमआय हा त्याचा मोबाइलवरचा खेळ पाहिलेला नाही त्यांच्या माहितीसाठी. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. एरँगल हे त्यातलं सगळ्यात जुनं बेट, आठ किलोमीटर लांब नि तितकंच रुंद. उतरायचं, दिसेल त्या घरात शिरून बंदुका, हेल्मेटं, मलमपट्ट्या गोळा करायच्या, आकसत जाणाऱ्या झोनच्या आत राहायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. टिकला त्याच्या पडद्यावर ‘चिकन डिनर’ झळकतं. प्रोची आजी माळकरी आहे. ऐन श्रावणी सोमवारी जिन्यातून ‘चिकन डिनर!’ अशी आरोळी आली की ती कानांवर हात ठेवते. अर्थात असे प्रसंग तिच्यावर फार वेळा येत नाहीत.

कारण प्रो पोचिंकीला उतरतो. पोचिंकी हे बेटाच्या साधारण मध्यावरचं गाव. तिथे लूट भरपूर, म्हणून गर्दी भरपूर, म्हणून शहाणी माणसं तिथे उतरत नाहीत. प्रो म्हणतो, ‘‘रश गेमप्ले आहे आपला.’’ पुढच्या मिनिटाभरात तो गुडघ्यांवर रांगत असतो आणि माइकवर सुरू होतं, ‘‘रिव्हाइव्ह दे रे! रिव्हाइव्ह दे! नुबड्या, स्मोक टाक ना आधी!’’ ज्याला नुबड्या म्हटलं तो बिचारा आपला जीव धोक्यात घालून धावत येतो, याला उचलतो आणि त्या भानगडीत स्वतः गोळी खातो. प्रो त्याच्या पेटीतल्या गोळ्या काढून घेतो आणि म्हणतो, ‘‘बॉट आहेस का रे तू?’’

त्याच्या भाषेचं व्याकरण मी बरेच दिवस कान देऊन ऐकलं आहे. पाणिनीलाही सुचली नसती अशी त्यात एक सोय आहे: एकाच कृतीचा शब्दच पुरुषानुसार बदलतो. भिंतीआड लपून बसायचं असेल तर प्रथम पुरुषी ‘मी पोझिशन होल्ड करतोय’, द्वितीय पुरुषी ‘तू घाबरलायस’ आणि तृतीय पुरुषी ‘तो साला कॅम्पर आहे’. दोघांच्या भांडणात मागून जाऊन तिसऱ्याने दोघांना उडवलं, तर मी केलं ते ‘टायमिंग’ आणि त्याने केलं ती ‘थर्ड पार्टी’. नेम लागला तर माझा ‘एम’, त्याचा लागला तर तो ‘हॅकर’. आणि नेम चुकला तर? तुमचा चुकला तर ‘स्किल इश्यू’. प्रोचा नेम कधी चुकतच नाही. लॅग होतो, पिंग 999 वर जातं, फोन तापतो, आईचा फोन येतो, टोपडं सैल होतं.

समोरचा नवखा दिसत असूनही त्याने प्रोला डोक्यात गोळी घातली, तर त्यावरही शब्द तयार असतो: ‘स्मर्फ’. म्हणजे मुरलेला खेळाडू खोट्या नवख्या खात्यावरून खेळतोय. हा शब्द 1996 च्या सुमाराचा, ‘वॉरक्राफ्ट टू’च्या जमान्यातला. दोन खेळाडू इतके तरबेज की त्यांच्याशी खेळायला कुणी तयार होईना. म्हणून त्यांनी कार्टूनमधल्या स्मर्फांची नावं घेऊन वेषांतर केलं. प्रोवर अशी पाळी अजून आलेली नाही. त्याच्याशी खेळायला सगळेच आनंदाने तयार असतात, विशेषतः विरुद्ध बाजूचे.

पुढे पुढे ही भाषा जिन्यावरून घरात उतरते. वडील गाडी मागे घेताना खांबाला घासतात: ‘‘बाबा, नूब.’’ आईची पुरणपोळी न फुटता तव्यावर पडते: ‘‘आई, क्लच!’’ मावसभाऊ सीए झाला, तर ‘‘ग्राइंड केलं त्याने, टॅलेंट नाहीये’’. गॅसचा रेग्युलेटर लावायला मात्र अजूनही शेजारच्या काकूंना बोलवावं लागतं, आणि तो स्किल इश्यू नसतो. रेग्युलेटरच फॉल्टी असतो.

देशाच्या इतिहासात त्याच्या लक्षात राहिलेल्या तारखा थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. जानेवारी 2019 मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’त एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी ‘हा पबजीवाला आहे का?’ असं विचारलं. त्यात चिंता होती, असं आपल्याला वाटतं. प्रोला त्यात राजमान्यता दिसली. पुढे 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 ॲपवर बंदी घातली आणि त्यांत पबजी मोबाइलही गेला. प्रोने त्या दिवशी निवृत्ती जाहीर केली. ‘‘पीकवर असताना थांबलेलं बरं,’’ असं तो म्हणाला. 2 जुलै 2021 ला बीजीएमआय या नव्या नावाने खेळ परतला, रक्त हिरवं होऊन आलं, तेव्हा पहिल्या दिवशी पोचिंकीत आडवे झालेल्यांत प्रो होता.

आता त्याच्या स्क्रीनशॉटविषयी. चौदा फिनिश, म्हणजे एका डावात चौदा जण उडवले! दिसेल त्याला तो हा स्क्रीनशॉट दाखवतो. मला दाखवलाय, दूधवाल्याला दाखवलाय, लग्नाची बोलणी करायला आलेल्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही दाखवलाय. (लग्न ठरलं. माणसं मोठ्या मनाची आहेत.) पण या खेळात एक गंमत आहे. शंभरातले सगळेच हाडामांसाचे नसतात. क्रमवारीच्या खालच्या पायऱ्यांवर खेळ स्वतःच संगणकाचे खेळाडू, म्हणजे बॉट, सोडतो. ते उभ्याउभ्या गोळ्या झाडतात, त्यांतल्या बहुतेक आभाळाला लागतात, आणि मार खाताना सहसा आडोसाही शोधत नाहीत. नवख्याचा हिरमोड होऊ नये, त्याने रागाने खेळ काढून टाकू नये, म्हणून ही व्यवस्था.

आपल्या लहानपणी लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो सापडला तरी सापडला म्हणायचं नाही. आईने दरडावलेलं असायचं, ‘‘त्यालाही घ्या रे.’’ लिंबाला वाटायचं आपण जिंकतोय. बीजीएमआयमध्ये ही आईची जागा कंपनीने घेतली आहे. फरक इतकाच की गल्लीतल्या लिंबाला आपण लिंबू आहोत हे केव्हातरी कळायचं. प्रोसमोर त्या दिवशी बारा-तेरा पुतळे उभे केले होते, त्याने ते उडवले आणि तो राष्ट्रीय संघाची वाट बघत बसला. वरच्या पायऱ्यांवर काय चालतं त्याचा त्याला पत्ता नाही. कॉन्कररचा किताब सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशेंनाच मिळतो आणि आमचा प्रो सीझनमागून सीझन प्लॅटिनमला भाड्याने राहतो.

गेल्या महिन्यात त्याच्या स्क्वाडमध्ये एक अनोळखी पोरगा आला. आवाज अजून फुटलेला नव्हता. प्रोने सवयीने सुरुवात केली, ‘‘ए नुबड्या, मागे राहा, मी कव्हर देतो.’’ पोरगा काही बोलला नाही. दोन घरं साफ केली, आडव्या पडलेल्या प्रोला उचललं, त्याच्या पुढ्यात मलमपट्टी टाकली आणि अत्यंत आदराने म्हणाला, ‘‘काका, तुम्ही गाडीत बसून राहा. शेवटी डिनर मिळाला की सांगतो.’’

मिळालाही. तो स्क्रीनशॉट प्रोने लगेच स्टेटसला ठेवला. त्यात त्याच्या नावापुढचा फिनिशचा आकडा अंगठ्याने झाकलाय.

तुमच्या घरी असा एखादा असेल, तर त्याने स्क्रीनशॉट दाखवल्यावर ‘वा’ म्हणा आणि चौदातले बॉट किती होते ते विचारू नका. जेवायला मात्र अर्धा तास आधी हाक मारा. ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाही असं तो म्हणतो, आणि तेवढं एक तो खरं बोलतो.