भिंतीआडून नेम धरणाऱ्यास

अरे चीटर,

पत्राला 'प्रिय' लावत नाही. लॉबीत सगळे एकमेकांना 'भावा' म्हणतात, तेही तुला म्हणणार नाही. नाव विचारण्यातही अर्थ नाही, कारण एक आयडी बॅन झाला की तू दुसरा काढतोस. पण तू खेळतोस कसा, ते मला चांगलं माहीत आहे. आम्ही बारामती-इंदापूरची पोरं रात्री फोनवर बीजीएमआय खेळतो, सुट्टीत कॉम्प्युटरवर काउंटर स्ट्राइक. तुझे रीप्ले आम्ही थांबवून थांबवून पाहिलेत.

हेडशॉटमुळं सापडलो असं तुला वाटत असेल. हेडशॉट नशिबानं कुणालाही बसतो. तू सापडलास ते न बघितलेल्या कोपऱ्यांमुळं. घरात शिरणारा सरळ खेळाडू दाराआड बघतो, जिन्याखाली बघतो, बाथरूममध्ये ग्रेनेड टाकतो, आणि बहुतेक वेळा तिथं कुणीच नसतं. तू रिकाम्या खोलीत एकदाही डोकावला नाहीस. जिथं माणूस नाही तिथं तुझा नेम फिरकत नाही, आणि जिथं आहे तिथं तो भिंतीवरून त्याच्या डोक्याबरोबर सरकत जातो. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. तुझी गोळी समोरचा कोपऱ्याबाहेर यायच्या आत सुटलेली असते. पुढं तू शहाणा झालास, मुद्दाम भलतीकडं बघायला लागलास. तरी झोन सरकला की सगळ्या वाटांमधली मोकळी वाट दर वेळी तुलाच सापडते. नजरेचं सोंग तुला जमलं, निर्णयांचं जमलं नाही.

आणि आम्ही एका मॅचवरून कुणाला हॅकर ठरवत नाही. आमच्याकडं उसाची ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मग कारखान्यात नेणारे शेतकरी आहेत. एका खेपेला फरक पडला तर ते काटा बिघडला असेल म्हणतात. प्रत्येक खेपेला फरक एकाच बाजूला पडायला लागला की मात्र कुणाची समजूत घालता येत नाही. तुझे रीप्ले आम्ही याच हिशेबानं पाहिले. उजनी धरणाच्या काठच्या गावात नेटवर्क गचकलं की साधा माणूसही समोरच्याला उड्या मारताना दिसतो, आडोशाला गेल्यावरही गोळी लागते. तो पिंगचा दोष असतो, माणसाचा नव्हे, आणि पिंग कधी फायद्याचा ठरतो, कधी तोट्याचा. तुझा 'पिंग' कायम तुझ्याच फायद्याचा.

मला खरा संताप आहे तो पुढच्या गोष्टीचा. आमच्यात इंदापूर तालुक्यातला एक पोरगा आहे. साधा फोन, काचेला तडा, पण स्प्रे असा धरतो की बघत राहावं. बंदुकीचं रिकॉईल हातात बसावं म्हणून रोज ट्रेनिंग ग्राउंडवर घासतो. त्यानं कुणाला लांबून उडवलं की पहिला मेसेज येतो: "हॅक आहे, रिपोर्ट मारा." त्याच्या मेहनतीवर हा शिक्का तू मारलास. कॉन्करर हे वरचं पद सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० जणांनाच मिळतं. तिथं तू बसलास म्हणजे ५०१व्या नंबरावरच्या पोराची जागा खाल्लीस, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या कक्षेत आणलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यात पदकं दिली गेली. घरच्यांना "हाही खेळच आहे" हे पटवून देणारी पोरं आत्ता कुठं तोंड उघडायला लागलीत. तुझ्या कर्तबगारीत तुझं स्वतःचं म्हणावं असं एकच आहे: हॅकसाठी टेलिग्रामवर कुणाला तरी पैसे पाठवणं.

निखिल कुमावतचं नाव तुला माहीत असेलच. 'फॉरसेकन' या नावानं खेळायचा. ऑक्टोबर २०१८, शांघाय, काउंटर स्ट्राइकची आशियाई स्पर्धा. त्याच्या ऑप्टिक इंडिया संघाची मॅच चालू असताना पंच त्याच्या कॉम्प्युटरपाशी आले आणि त्यानं घाईघाईनं फाईल उडवायचा प्रयत्न केला. नेम धरून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमला त्यानं नाव दिलं होतं वर्ड.ईएक्सई. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, ती योग्यच. पण टीम बाद झाली, संघच मोडला, आणि एका फाईलपायी बाकीच्या चौघांनाही फटका बसला. तुझ्या स्क्वॉडमध्ये तुझ्यासोबत उतरणाऱ्या तिघांना तू काय लपवून ठेवलंयस, ते सांगितलंयस का?

तुझा धंदा चालतो तो एका तांत्रिक अडचणीमुळं. शत्रू कुठं आहे हे सर्व्हरला तुझ्या फोनपर्यंत आधी पोचवावं लागतं, नाहीतर तो समोर आल्यावर चित्रच उमटणार नाही. ती लपवलेली माहिती तू चोरून वाचतोस. व्हॅलोरंट या गेमवाल्यांनी २०२० पासूनच यावर तोड काढली: माणूस दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा समोरच्याला पाठवायचीच नाही. जे आलंच नाही, ते तू वाचणार कुठून? बीजीएमआयवाल्या क्राफ्टननं २०२१ च्या अखेरीस आयडीसोबत फोनच बॅन करायला सुरुवात केली. पण तुझ्यासारखा माणूस असा फोन सेकंडहँड बाजारात विकून मोकळा होतो आणि बॅन भलत्याच पोराच्या गळ्यात पडतो.

तुझ्या आयडीचा रिपोर्ट गेलाय, रीप्लेही जपून ठेवलेत. तरीही स्वतःला खेळाडू म्हणवायचं असेल, तर बारामतीला ये. फोन आमचा, त्यात गेम नव्यानं टाकलेला, आणि पाठीमागं उभी राहून स्क्रीन बघणारी दोन पोरं. समोर तोच इंदापूरचा पोरगा बसेल, तडा गेलेला फोन घेऊन. तारीख तू ठरव.